तुऱ्याचं गवत आणि गायरानाची हद्द

माल जाळून बघणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कोल्हापूरच्या शेतीप्रदर्शनात आमच्या नर्सरीचा गाळा होता. पुढं हिरवळीचे चौकोन, मागं पुरुषभर उंचीचं, रुपेरी तुऱ्यांचं गवत. पन्हाळ्यावरच्या एका जुन्या बंगल्यातून त्याचा मुळांसकटचा पहिला ठोंब मी आणला होता. बंगलेवाले आणि हॉटेलवाले ते शोभेसाठी नेत. या गृहस्थानं तुऱ्यांकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. बुडाची वाळकी काडी मोडली, गाळ्याबाहेर जाऊन तिला आगकाडी लावली आणि ती कशी जळते, राख कशी पडते, ते उकिडवा बसून बघत राहिला.

"ताई, ह्याच्यावर वीज निघंल," तो म्हणाला.

दिनकरराव शेळके त्याचं नाव. औरंगाबादच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करायचा, गावाकडं शेती होती. त्याचं म्हणणं असं की शहराच्या भोवती कारखाने उभे राहतायत आणि प्रत्येकाला फाटकाच्या आत काहीतरी डौलदार हवंय. हे गवत पाणी कमी मागतं. तुरे असेतो ते शोभेला, नंतर कापून काड्या भट्टीला. एकच गवत दोनदा विकायचं. त्यानं ठोंब इतके मागितले की आमची सगळी नर्सरी रिकामी झाली असती.

"जमीन किती आहे तुमची?" मी विचारलं.

"जमीन लई हाय," एवढंच तो म्हणाला आणि विषय बदलला.

घरी मी हे सांगितलं तेव्हा माझे यजमान म्हणाले, "जागा बघितल्याशिवाय एक ठोंब द्यायचा नाही. जाऊन ये." मग म्हणाले, "पण आपण कोण ते त्यांना माहीत आहे का?"

आमचं आडनाव गायकवाड. हे आडनाव मराठ्यांतही असतं आणि आमच्या बौद्धांतही. कोल्हापुरात आम्हाला कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते दिवस मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून चाललेल्या आंदोलनाचे होते. कुठं कुणाची घरं जाळली, कुठं कुणाचं पाणी तोडलं, हे आम्ही पेपरात वाचत होतो. शेळके आडनावाचा जमीनदार घरात राहायला बोलावतो, तो कुठल्या गायकवाडबाईला बोलावतो, हा प्रश्न होताच. मी बॅगेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेले चार ठोंब घेतले आणि निघाले.

औरंगाबाद

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. एसटीच्या स्टँडसमोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'नामांतर झालेच पाहिजे' लिहिलं होतं. त्यावर कुणीतरी चुन्याचा हात मारला होता आणि चुन्यावर पुन्हा निळं लिहिलं होतं. कोपऱ्यावर पोलिसांची निळी गाडी, तिच्या सावलीत शिपाई पेरू खात बसलेले.

रिक्षावाले म्हातारे चाचा होते. पुंडलिकनगर म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"परदेसी हैं क्या बाई?"

"कोल्हापूरहून आले."

"बैठो. अभी तो माहोल ठीक है. शाम कू क्या होता, मालूम नै."

रस्त्यात त्यांनी एकदाच मागं वळून विचारलं, "नाम क्या बोले आप?" मी बोललेच नव्हते. 'मीनाक्षी' म्हणाले, आडनाव सांगितलं नाही. ते आणखी जरा वेळ मागं वळलेलेच राहिले. त्या शहरात नाव विचारताना माणूस नावापाशी थांबत नाही, आडनावापर्यंत वाट बघतो, हे मला तिथंच कळलं.

पुंडलिकनगर तेव्हा नवं नवं वसत होतं. सारखी दिसणारी घरं, पुढं पेरू-सीताफळाची लहान झाडं, मध्येच मोकळे प्लॉट आणि त्यांत बाभळी. दिनकररावांच्या पत्नी, शालिनीवहिनी, दारातच उभ्या होत्या. ठसठशीत कुंकू, अंगावर शाल, बोलणं कमी. त्यांनी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, ते घरात तयारच असतं; पाहुणा आला की पाण्यात कालवून आमटी उकळायची. आमच्याकडं पाहुणा म्हटलं की रस्सा, आणि रश्श्याला दोन तास. इथली आमटी मी हातपाय धुऊन येईपर्यंत तयार होती. आणि चांगली झणझणीत होती.

"माहेर कुठलं तुमचं?" भाकरी वाढता वाढता वहिनींनी विचारलं.

"मिरजेचं."

"मिरजेचं म्हणजे, आडनाव काय माहेरचं?"

माझं माहेरचं नाव कांबळे. ते सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगून झालं असतं. मी म्हणाले, "आमटी फार छान झालीय. थोडी आणखी वाढा." वहिनींनी वाढली. पण त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर क्षणभर जास्त थांबली. मी खोटं काही बोलले नव्हते, विचारलेल्याचं उत्तर दिलं नव्हतं एवढंच.

वेरूळ

दुसऱ्या दिवशी शेत बघायला जायचं ठरलं होतं. सकाळी दिनकरराव म्हणाले, "आज माझी कारखान्यात पाळी हाय. तुम्ही वहिनींसंगं वेरूळ बघून या. शेत कुठं पळून चाललंय?"

मला ते खटकलं. मी लेणी बघायला आले नव्हते. ठरल्या दिवशी शेत न दाखवता पाहुण्याला फिरायला धाडणं म्हणजे शेतात काहीतरी आवरासावर चाललीय, असं माझ्या मनानं घेतलं. पण वहिनी दशम्या बांधून तयार होत्या.

दौलताबादचा किल्ला मागं टाकून गाडी घाट चढली तसा वारा गार झाला. उतारावर सगळीकडं वाळलेलं, गुडघाभर कुसळी गवत, उन्हात तांबूस. मी सवयीनं ते न्याहाळत होते. आमच्याकडचं गवत मार्गशीर्षातही बुडाशी हिरवं असतं. इथलं आतपर्यंत वाळलेलं, चुरचुरीत. ते पाहून मला आमच्या गवताबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं, ते इथं टिकेल म्हणून. आणि पहिल्यांदा काळजीही वाटली, ते इथं पेटेल म्हणून.

वहिनींनी आधी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, मी मंडपात थांबले. मग कैलास लेणं पाहिलं. वरून खाली कोरत आणलेला तो अख्खा डोंगर आम्ही दोघींनी मान वर करून बघितला. पण माझी पावलं अडली ती त्याच्या अलीकडच्या बाजूच्या बौद्ध लेण्यात. लोक त्याला 'सुताराचं झोपडं' म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत. समोर भगवंतांची बसलेली मूर्ती. एक गाइड आत आला, त्यानं मूर्तीपुढं बारीक सूर लावला आणि तो सगळ्या छताभर फिरून आमच्या डोक्यावर येऊन थांबला. मी खांबाला टेकून बसले. हात आपोआप जुळले.

डोळे उघडले तर वहिनी दाराशी उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या.

"तुम्ही इथंच लई वेळ बसलात," त्या म्हणाल्या.

"शांत वाटलं."

"व्हय, वाटतं." परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः डोळे मिटून घेतले. त्यांना कळलं, असं मला वाटलं. आता त्या नवऱ्याला सांगणार की नाही, याचा विचार करत मी घरापर्यंत आले.

गावाकडं

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुकुंदवाडीचं लहानसं स्टेशन मागं टाकून जालन्याच्या अंगाला जायचं आणि मग डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं आत. दिनकररावांचे थोरले भाऊ, अण्णा, शेतावरच राहायचे. गावातले वजनदार माणूस. पांढरं धोतर, पिळदार मिशा, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांच्यासमोर दिनकरराव उभ्याउभ्याच बोलत.

"गायकवाड म्हणजे आपल्यातलेच की," अण्णा म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "बसा. हुरडा तयार हाय."

आगटीत कोवळी कणसं भाजली जात होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस खुपसायचं, मग तळहातावर चोळून हिरवे टपोरे दाणे काढायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. ज्वारी हिरवी असताना खायची असते हे आमच्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. दाणे गोड लागत होते. अण्णा खाता खाता विद्यापीठाबद्दल बोलत होते. नाव बदलून कुणाचं पोट भरतं, ह्या लोकांना आता गायरानंही पाहिजेत आणि विद्यापीठंही, असं त्यांचं चाललेलं. 'आपल्या' माणसासमोर बोलावं तसं, मोकळेपणानं. दिनकरराव आगटीतली राख काडीनं सारखी करत होते. मी दाणे चोळत होते आणि तळवा भाजत होता ते मला कळत नव्हतं.

मग आम्ही जागा बघायला गेलो. दिनकररावांच्या वाट्याचा तुकडा विहिरीपासून बांधापर्यंत होता. चांगली जमीन, पण मागितलेल्या ठोंबांच्या निम्मेही त्यात मावले नसते. मी बांधावर उभी राहून विचारलं, "आणि बाकीचे कुठं लावणार?"

दिनकररावांनी हात नुसता पुढं केला. बांधापलीकडं गावाचं गायरान होतं, म्हणजे गुरं चारायची सगळ्यांची जमीन. मधल्या पट्ट्यात कुणीतरी बाजरी काढून घेतलेली दिसत होती, कडब्याची एक गंजी होती, आणि त्यापुढं आठ-दहा पत्र्याची आणि कुडाची घरं. बांधाला लागून, पण गायरानाच्या बाजूनं, ताज्या खड्ड्यांची एक लांब ओळ काढलेली होती. काल मला वेरूळला का धाडलं होतं, ते आता कळलं.

तिथंच मेंढरं चारत एक बाई आली. ठकूबाई, धनगराची. काखेत काठी, कमरेला लोकर कातायची चाती. तिनं माझ्या हातातला ठोंब घेऊन हुंगला.

"ह्ये मेंढरं खातात का?"

"नाही खात. पातं धारेचं असतं, तोंड कापतं."

"मग हितं कशाला लावायलेत?" तिनं दिनकररावांना विचारलं. "आमी पाऊस उलटला की हितंच येतो दरसाली. तुमच्या बापालाबी इचारून येत हुतो."

"बघू, ठकूबाई. अजून काय ठरलं नाय," दिनकरराव म्हणाले. पण खड्डे तर काढलेले होते. ठकूबाईनं ठोंब माझ्या हातात परत दिला तो असा, जणू तिच्या मेंढरांना हुसकवायला तो मीच आणला होता.

वस्ती

दिनकरराव विहिरीवर मोटर बघायला गेले तेवढ्यात मी बांध ओलांडला. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक माणूस खुरपं दगडावर घासत बसला होता. दाराच्या आत निळ्या कोटातला फोटो दिसत होता आणि त्याला ताजा हार होता.

"जयभीम," मी म्हणाले.

त्यानं हात थांबवला, पण उठला नाही. "तुमी शेळक्याच्या स्कूटरवरून आलात."

"हो. पण मी आपल्यातलीच आहे. कोल्हापूरची."

"जयभीम आता कुनीबी म्हनतंय, बाई. मतं मागायला येतात तेबी म्हनतात."

त्याचं नाव किसन साळवे. त्याच्या बापानं हा पट्टा मोडून पेरायला सुरुवात केली होती, म्हणाला. जमीन नावावर व्हावी म्हणून सरकारदरबारी अर्ज चालू होता. आधी त्यांना कुणी हटकलं नव्हतं, कारण ही जमीन खडकाची होती आणि कुणाला नको होती. आता कारखाने जवळ आले होते.

"ह्ये गवत लावलं की आमाला उठवनार का?" त्यानं सरळ विचारलं.

"मला माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही."

"मग तुमी आलात कशाला?"

त्याच्या बायकोनं आतून पाणी आणून दिलं. मी ते पिऊन तांब्या परत दिला, तेव्हा बांधावर दिनकरराव उभे होते. त्यांनी मला तिथं पाणी पिताना पाहिलं होतं. अण्णांचा माझ्यावर विश्वास होता तो चुकीच्या कारणासाठी, आणि किसनचा नव्हता तोही चुकीच्याच कारणासाठी. मला मात्र त्या गावात एकाही माणसाचा भरवसा वाटत नव्हता.

भट्टी

दुसऱ्या दिवशी कारखान्यातले दोन साहेब दिनकररावांनी शेतावर उभी केलेली भट्टी बघायला येणार होते. त्यांना पटलं तर फाटकासमोरच्या बागेचं कामही मिळणार होतं आणि भट्टी वाढवायला आधारही. दिनकरराव पहाटेपासून शेतावर होते. मी पोचले तेव्हा बांधावर भांडण जुंपलेलं होतं. रात्रीतून वस्तीतल्या लोकांनी गायरानातले खड्डे बुजवून टाकले होते.

किसन पुढं होता. "आमच्या पोटावर पाय येनार आसंल तर ह्ये गवत आमी हितं उगवू देनार नाय," तो म्हणाला.

"ऐकलं का रे सगळ्यांनी?" अण्णा आपल्या गड्यांना म्हणाले. आवाज चढवला नाही. "ध्यानात ठेवा काय म्हणला ते."

तेवढ्यात साहेबांची गाडी दिसली आणि सगळे पांगले.

भट्टी म्हणजे शेडखाली उभी केलेली लोखंडी टाकी. वरून गवताच्या काड्यांचे तुकडे टाकायचे, आतल्या विस्तवाला हवा बेताचीच द्यायची. मग नुसती ज्वाळ न होता गॅस निघतो. तो नळीनं डिझेलच्या इंजिनात सोडला की डिझेल थोडं लागतं आणि इंजिन जनरेटर फिरवतं. दिनकररावांनी त्यासाठी वर्षभर जमेल ते गवत कापून शेडच्या कडेला साठवलं होतं. इंजिन सुरू झालं, तारेवरचे बल्ब भर दुपारी पिवळे पेटले, आणि मला कबूल केलं पाहिजे, माझ्याही अंगावर काटा आला. दिनकररावांच्या चेहऱ्यावर लग्नातल्या नवऱ्यामुलासारखं काहीतरी होतं.

पण गवताची एक खोड असते. त्याच्या राखेत वाळूचा अंश फार, म्हणून जास्त तापलं की राख वितळून दगडासारखे गोळे होतात. वीटभट्टीत जळक्या विटेला खंगर म्हणतात तसे. भट्टी चोंदू लागली. दिनकररावांनी गड्याला खूण केली. त्यानं खालचं दार उघडून लांब आकड्यानं खंगर ओढून काढले आणि पाटीत भरून शेडमागं बांधाच्या कडेला ओतले. वरून करडे दिसत होते. मी त्याच बाजूला उभी होते, एका साहेबाला गवताच्या जाती सांगत. इंजिन पुन्हा चाललं, सगळे पुढं गेले. वारा सुटला होता. थोड्या वेळानं मला मागून ऊब जाणवली म्हणून मी वळले, तर खंगराच्या ढिगाशेजारचं वाळकं गवत हळूहळू पेटत होतं. ज्वाळ उन्हात दिसतही नव्हती, फक्त हवा थरथरत होती.

मी ओरडले. पण तोवर साठवलेल्या काड्यांनी पेट घेतला होता, आणि वाऱ्यानं आग बांध ओलांडून गायरानात शिरली. पहिल्यांदा पळत आले ते वस्तीतले लोक, घागरी घेऊन, ओल्या गोणपाटांनी झोडपत. शेळक्यांचे गडी मागून आले. किसनच्या कडब्याची गंजी सगळ्यांच्या देखत जळून बसली. घरं वाचली ती मधल्या उघड्या खडकामुळं. दिनकररावांनी विहिरीची मोटर चालू केली, आणि आग विझेपर्यंत कुणी कुणाला आडनाव विचारलं नाही.

त्या दिवसांत आग म्हटली की पोलीस लगेच यायचे. जीपमधून जमादार उतरले. अण्णा त्यांच्याकडं चालत गेले.

"सकाळीच धमकी दिली होती ह्यानं," किसनकडं बोट दाखवून ते म्हणाले. "गवत उगवू देणार नाय म्हणला. सगळ्यांनी ऐकलंय. आणि बघा, आग लागल्या लागल्या सगळी वस्ती हजर."

किसनचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "माजाच कडबा जळला की, सायब," तो म्हणाला.

"बस गाडीत. तिथं सांग," जमादार म्हणाले.

मी पुढं झाले. "जमादारसाहेब, आग शेडमागून लागली. भट्टीतून काढलेला खंगर तिथं टाकला होता, त्यानं गवत पेटलं. मी तिथंच उभी होते. मी बघितलंय."

"तुम्ही कोण?"

"मीनाक्षी गायकवाड. कोल्हापूरची. गवताची रोपं मी विकते."

"गायकवाड." त्यांनी मला नीट पाहिलं. "कुठल्या गायकवाड?"

चार दिवस हा प्रश्न माझ्या मागं फिरत होता. मी म्हणाले, "बौद्ध."

अण्णा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. काल ज्या हातांनी मला हुरडा दिला होता ते त्यांनी मागं बांधले. मग जमादारांना म्हणाले, "झालं तर मग. साक्षीदारबी त्यांच्यातलीच."

जमादारांनी मान हलवली आणि किसनच्या दंडाला धरलं. मी दिनकररावांकडं पाहिलं. ते साहेबांच्या शेजारी उभे होते. साहेबांपैकी एकजण रुमालानं चष्मा पुसत होता. भट्टीनं आग लावली असं म्हटलं तर ते दोघे परत इकडं फिरकणार नव्हते, आणि अण्णा तर अण्णाच होते. हा माणूस आता काही बोलणार नाही, याची मला खात्री झाली. पहिल्या दिवसापासून मला तो असाच वाटत आला होता.

दिनकररावांनी कुदळ उचलली. शेडमागं गेले आणि खंगराचा ढीग फोडला. वरून विझलेला, करडा ढीग, आतून लाल. त्यांनी त्यावर मूठभर कोरडं गवत टाकलं. ते सगळ्यांसमोर पेटलं.

"साहेब, त्याला सोडा," ते जमादारांना म्हणाले. "कुणी लावली नाय. माझ्या भट्टीनं लावली. राख इथं टाकायला मीच सांगितलं होतं."

"दिनकर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुमच्या डोळ्यासमोर हाय की."

अण्णा पाठ फिरवून घराकडं चालू लागले. साहेब घड्याळ बघून निघाले. जमादारांनी दंड सोडला, पण किसन जागचा हलला नाही. जीप दिसेनाशी होईपर्यंत तो तिकडंच बघत होता. मग माझ्याजवळून जाताना थांबला. "बाई, तुमी म्हनला आन् त्यांनी ऐकलं नाय," तो म्हणाला. "त्यो म्हनला तवा ऐकलं. इसरू नका." आणि घराकडं गेला.

परतताना

शालिनीवहिनींनी त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी केली. शेजारी बसवून वाढली. मग म्हणाल्या, "तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर?"

"तर मी तुम्हाला अण्णांकडं जाऊ दिलं नसतं."

ते माझा अपमान होऊ नये म्हणून, की अण्णांच्या घराला विटाळ नको म्हणून, हे त्यांच्या आवाजावरून कळेना.

सकाळी दिनकरराव स्कूटरवरून मला स्टँडवर सोडायला आले. त्यांच्या दोन्ही हातांना भाजल्याचे फोड होते. गाडी लागायला अवकाश होता. मी म्हणाले, "गायरानावर लावायचं होतं ना तुम्हाला?"

"अण्णांच्या मनात तेच होतं. आधी गवत, मग तारेचं कुंपण. पुढं कारखाना आला की जागा आपली." त्यांनी हाताच्या फोडांकडं पाहिलं. "माझ्या मनात नव्हतं असं म्हणणार नाय. मला भट्टी चालवायची होती. जमीन कुणाची, हे मी बघितलंच नाय."

"मी बांधाच्या आत मावतील तेवढेच ठोंब देईन."

"तेवढेच द्या," ते म्हणाले.

आम्ही तेवढेच पाठवले. यजमान म्हणाले, हा माणूस ते बांधाबाहेर लावणार नाही कशावरून? कशावरून ते मलाही सांगता आलं नाही.

कोल्हापूर

पुढच्या वर्षाच्या नवरात्रानंतर शेळके पतीपत्नी अंबाबाईच्या दर्शनाला आले आणि न कळवता आमच्या दारात उभे राहिले. दिनकररावांनी सगळं सांगितलं. भावाभावांची वाटणी झाली होती. भट्टी खंगरानं पुन्हा पुन्हा चोंदली, आता ते गवतात तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मिसळून बघत होते. साहेबांनी काम दिलं नाही. दुसऱ्या एका लहान कारखान्यानं फाटकासमोर गवत लावून घेतलं, आणि तिथं ते छान फुललं होतं. किसनचा अर्ज अजून चालूच होता. अण्णांनी गायरानात पुन्हा खड्डे काढले नव्हते. पण काढणारच नाहीत असं कुणी सांगावं, असं दिनकरराव स्वतःच म्हणाले.

मी जेवायला थांबा म्हटलं. वहिनी चटकन म्हणाल्या, "मला आज उपवास हाय."

दिवस कुठला, कसला उपवास, मी काही विचारलं नाही. आत गेले. मनात आलं ते आलंच. इतक्या लांबून येऊन नेमका आमच्याच दारात उपवास. साबुदाणा संध्याकाळसाठी भिजवलेलाच होता. मी शेंगदाण्याचं कूट घातलं, तूप-जिऱ्याची फोडणी केली आणि खिचडी परतायला घेतली. हात रागानं चालत होता, त्यामुळं ती तळाला जरा लागली. तशीच ताटलीत घालून बाहेर नेली, त्यांच्यापुढं ठेवली आणि समोर बसून राहिले.

वहिनींनी पदर सावरला, पहिला घास घेतला, मग दुसरा. ताटली रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढं केली.

"तळाची करपलेली असंल ना," त्या म्हणाल्या, "ती द्या. ह्यांना आवडत नाय म्हणून घरी मला करायला मिळत नाय."

मी कढईच बाहेर आणली आणि उलथन्यानं खरवडून त्यांना वाढली.